मशीनचा नारळ

तुर्भे,
१९ ऑगस्ट १९८३

प्रिय अक्का,

पोस्टाने जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. वाईट बातमी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. यंदा गणपतीला येणं जमत नाही. वाशीच्या आमच्या इमारतीत लोकांना दिवाळीपर्यंत घरांचा ताबा द्यायचाय आणि सगळ्या मजल्यांच्या लाद्या अजून खरबरीत पडल्यात. मुकादम पोपट म्हणाला, "जायचा तर जा, पन परत येशील तवा तुज्या जागी दुसरा उभा असंल." आता तूच सांग.

तू विचारलं होतंस, मी तिथे नक्की करतो काय. तुझ्या बालवाडीतल्या पोरांना कळेल असं सांगतो. लादी बसली की तिच्यावर पाणी ओतायचं आणि घासायचे दगड लावलेलं विजेचं मशीन तिच्यावरून फिरवायचं. मशीन नव्या बैलासारखं ओढ घेतं, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागतो. दिवसभर घासलेल्या लादीच्या पांढऱ्या रगड्यात उभा असतो. गमबुटांचा जोड एकच, तोही फाटका. त्यात पाणी शिरतं पण बाहेर येत नाही, म्हणून आम्ही सगळे अनवाणीच. संध्याकाळी माझे पाय बघशील तर म्हणशील, कुठल्या म्हाताऱ्याचे घालून आलास?

मशीन मधूनमधून लाडातही येतं. दांडा धरला की कोपरापर्यंत मुंग्या येतात. पहिल्या दिवशी मी ओरडलो तर सगळे हसले. पोपट म्हणाला, "मुंग्या येतात ना? मग बरं हाय, झोप तरी येनार नाय." आता सवय झाली. माझा खोलीतला जोडीदार श्यामसुंदर साईटवर वायरमन आहे, साताऱ्याकडचा. तो मात्र हसत नाही. म्हणतो, मशीनच्या अंगात करंट उतरतोय. पण त्याचं तोंड नेहमीच कारलं खाल्ल्यासारखं असतं, तेव्हा तू टेन्शन घेऊ नकोस.

मोदक माझ्या वाटचे तूच खा.

तुझा नंदू


कोंडवाडी, तालुका लांजा,
२ सप्टेंबर १९८३

चि. नंदकिशोर,

सुखात राहा. गणपतीला येत नाहीस हे वाचून तुझं पत्र चुलीत घालणार होते, पण चूल पेटलेली नव्हती, म्हणून वाचलं. गणपती तुझ्यावाचून बसेल. रुसून मी बसेन.

पण माझी झोप उडाली ती त्या मुंग्यांनी. तू ते हसण्यावारी नेतोस, मला नेता येत नाही. विजेतलं मला काही कळत नाही. आपल्या वाडीत नुसते खांब आलेत, तारा यायच्यात. पण एवढं कळतं की असं अंगाला येऊन जे सांगतं, ते काहीतरी मागत असतं. आबांनी विहीर खणायला घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी गड्याचा पाय मोडला. जागेवाल्या देवाला नारळाची राखण दिली, मगच पुढचं काम सुखरूप झालं. तुम्ही तर मिठागरं बुजवून, खाडी मागे ढकलून त्यावर मजले चढवताय. तिथल्या जागेवाल्याला कुणी काही विचारलं का? शेठने भूमिपूजन केलं असेल ते स्वतःच्या नावाने. तुझ्या मशीनचं काय?

दसऱ्याला आपण कोयता पुजतो, नांगर पुजतो, मी बालवाडीची घंटासुद्धा पुजते. ज्याच्यावर तुझं पोट आहे त्याला तू अजून हळदीचं बोट लावलेलं नाहीस. नामदेवदादा गणपती करून तुर्भ्याला परत येतील, त्यांच्याबरोबर नारळ पाठवते. विहिरीकडच्या झाडाचा, आईने लावलेल्या. कानाशी हलवून पाहिलाय, पाणी भरपूर आहे.

आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. तेव्हापासून तुला खाली ठेवलेलं नाही, हे लक्षात असू दे.

तुझी अक्का


तुर्भे,
२८ सप्टेंबर १९८३

प्रिय अक्का,

नारळ पोचला. नामदेवदादांनी येताना एसटीत तो मांडीवर घेतला होता म्हणे, त्यांच्या नातवालासुद्धा एवढा मान मिळत नाही.

आता गंमत ऐक. तुझा नारळ यायच्या आधीच मुंग्या गेल्या! श्यामने घालवल्या. त्याने खाली ओल्या मातीत एक लोखंडी सळई खोल ठोकली आणि तिच्यापासून वर मशीनपर्यंत एक वायर आणून बांधली. तिला अर्थिंग म्हणतात. मशीनच्या अंगात करंट आलाच तर तो माझ्यातून न जाता त्या वायरीतून जमिनीत जातो. दांडा आता गरीब गाईसारखा वाटतो.

श्यामचं तोंड तरीही कडूच. मशीनवर बटणाची पेटी आहे, तिचं झाकण कधीचं हरवलंय, आम्ही प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधतो. प्लगही नाही, वायरींची उघडी टोकं सॉकेटात काड्या खोचून बसवतो. त्याने झाकण मागितलं, प्लग मागितला, बूट मागितले. पोपटचं ठरलेलं उत्तर, "सेठला सांगतो." शेठ कधी येतो तेही पोपटलाच ठाऊक.

श्याम नवरात्रात गावी जाणार आहे, दसरा झाला की येईल. त्याने आत्ताच सांगून ठेवलंय, की पूजा करायची तर कर, पण नारळ बाजूला दगडावर फोड, मशीनला पाणी लावू नकोस. मी म्हटलं, मुंग्या गेल्याच आहेत तर नारळाची चटणीच करू का? अक्काला काय कळतंय!

चिडलीस ना? चिडावीस म्हणूनच लिहिलं.

तुझा नंदू


कोंडवाडी,
७ ऑक्टोबर १९८३

चि. नंदू,

चटणी केलीस तर दिवाळीत दारात उभं करणार नाही.

श्यामसुंदर चांगला मुलगा दिसतो. तुझी काळजी घेतो, त्याला माझा आशीर्वाद सांग. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सळई ठोकली आणि मुंग्या गेल्या, म्हणून मागणारा गेला असं होत नाही. तो गप्प बसलाय एवढंच. गप्प बसलेल्याची मला जास्त भीती वाटते.

आता नीट वाच आणि अगदी तसंच कर. मशीन आधी स्वच्छ धू. त्याला गुंडाळलेल्या पिशव्या, सुतळ्या, तारा सगळ्या सोड. देवाला आंघोळ घालताना आपण अंगावर कापड ठेवतो का? मग हळदकुंकू, झेंडूची माळ. हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घाल, लाजू नकोस, की आम्ही परमुलखातली लेकरं तुझ्या जागेत पोटासाठी आलोय, चुकलंमाकलं पोटात घाल. आणि नारळ दगडावर नको. दगडाला काय गरज आहे? मशीनच्या डोक्यावरच फोड, पाणी त्याच्या अंगावर पडू दे. त्या पाण्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. देव तारी त्याला कोण मारी.

तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. आता पुढे बोलत नाही.

तुझी अक्का


कोंडवाडी,
१७ ऑक्टोबर १९८३

चि. नंदू,

काल दसरा झाला. सोनं द्यायला तू नव्हतास, म्हणून तुझ्या वाटची आपट्याची पानं फळीवर ठेवलीत.

पूजा केलीस ना? नारळ एका फटक्यात फुटला का? आत कोंब होता की नुसतं पाणी? सगळं सविस्तर लिही. मला आज सकाळपासून एकदम हलकं वाटतंय. गेले दोन महिने छातीवर दगड होता तो उतरला. उगीचच बालवाडीत पोरांबरोबर गाणी म्हटली.

दिवाळीला चार दिवस तरी ये. भांबेडची एक मुलगी पाहून ठेवलीय. तुझ्यापेक्षा उंच आहे, म्हणजे तुझ्या पायांकडे तिचं लक्ष जायचं नाही.

तुझी अक्का


तुर्भे,
२९ ऑक्टोबर १९८३

श्रीमती जयमालाताई यांस,

श्यामसुंदरचा नमस्कार. मी नंदूचा खोलीतला जोडीदार.

तार तुम्हाला पोचली असं नामदेवदादांकडून कळलं. तुमचं सतरा तारखेचं पत्र त्यानंतर खोलीवर आलं. ते मी फोडलं, मला माफ करा. तुम्ही ते लिहीत होता त्याच सकाळी नंदू गेला.

त्याला अग्नी दिला तेव्हा घरचं कुणीच नव्हतं. काय झालं हे तुम्हाला कुणीतरी लिहायला हवं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर काम सुरू केलं. लाद्यांवर पाणी ओतलेलं होतं. मशीन चालू करून नंदूने दांडा धरला आणि त्याला शॉक बसला. दांडा हातातून सुटेना. बाकीचे त्याच पाण्यात उभे होते, ते मागे पळाले, त्यांना दोष देता येत नाही. एकजण धावत खाली गेला, मेन बंद केला, पण उशीर झाला होता. मी तेव्हा गावाहून परतीच्या गाडीत होतो. संध्याकाळी पोचलो तर खोलीत शेजारचे बसलेले.

कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलंय. पोपट म्हणतो, पोरगा आधीपासूनच अशक्त होता. मी भांडलो. तो म्हणाला, "तू तर हितं नव्हतास, तुला काय म्हाईत?" ते खरंच आहे. मी नव्हतो. मशीन चार दिवस बंद होतं, आता दुसरा माणूस चालवतो. पेटीला झाकण अजून नाही. अर्थिंगची वायर मी पुन्हा बांधली आहे.

नंदूची ट्रंक नामदेवदादांबरोबर पाठवत आहे. आपट्याची पानं तुम्ही ठेवलीत ती तशीच असू द्या.

श्यामसुंदर


कोंडवाडी,
२० नोव्हेंबर १९८३

श्यामसुंदर यांस आशीर्वाद,

ट्रंक मिळाली. त्याचे सदरे धुतले नाहीत, तसेच घडी घालून ठेवलेत. बालवाडीत जाते. पोरं विचारतात, नंदूकाका कधी येणार. मी म्हणते, येईल. दुसरं काय सांगू?

मला तुम्हाला एकच विचारायचंय. पूजा झाली होती का? मी त्याला शपथ घातली होती. नामदेवदादा दुसऱ्या साईटवर असतात, त्यांना ठाऊक नाही. तुम्ही एका खोलीत राहत होतात, तुम्हाला ठाऊक असणार. हा प्रश्न सकाळी माझ्याबरोबर उठतो. पूजा झाली असेल तरी सांगा, नसेल तरी सांगा. माझ्यावर दया करून खोटं मात्र सांगू नका.

जयमाला


तुर्भे,
४ डिसेंबर १९८३

ताई,

तुमचं पत्र मिळालं.

पूजा झाली नाही. दसऱ्यालाही काम चालू होतं, वेळ मिळाला नाही, राहून गेली. नारळ फुटलाच नाही. खोलीत फळीवर तसाच होता. नंदूच्या मागे तो घरात ठेवणं बरं वाटेना, म्हणून मी खाडीत सोडला. तेव्हा त्या नारळाचा आणि जे घडलं त्याचा काही एक संबंध नाही. तुम्ही जे लिहिलं होतंत त्याचाही नाही. हे मनात पक्कं धरा आणि स्वतःला त्रास करून घेऊ नका.

जेवत जा.

श्यामसुंदर


कोंडवाडी,
९ सप्टेंबर १९८४

श्यामसुंदर यांस आशीर्वाद,

वर्ष होत आलं. मध्ये तुम्ही दोनदा ख्यालीखुशाली विचारलीत, मी उत्तर दिलं नाही. राग नव्हता. तुमच्या त्या डिसेंबरच्या पत्राने मला जे कळायचं ते कळलं होतं. पूजा राहिली आणि नंदू गेला. नारळ फळीवर पडून राहिला आणि मागणाऱ्याने माणूस नेला. खरं सांगितलंत, तुमचे उपकार आहेत. नुसत्या अंधारात चाचपडण्यापेक्षा हे बरं. निदान पुढचं काय करायचं ते तरी समजलं.

आमच्या आणि शेजारच्या वाडीतली पाच पोरं तुमच्याकडे साईटवर आहेत. कुणी दिघ्याला, कुणी कळंबोलीला. सगळी माझ्या बालवाडीतून गेलेली. कुणी लादी घासतं, कुणी पंप चालवतं, कुणी ड्रिल. गणपतीला आली होती. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत मी एकेक नारळ घातला, आणि नंदूला जे सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं. धुवायचं, सगळं सोडायचं, नारळ डोक्यावर फोडायचा. त्यांना म्हटलं, माझ्या भावाने टाळलं, तुम्ही टाळू नका. पाचही जणांनी माझ्या पायाला हात लावून शपथ घेतलीय.

तुम्ही जवळ आहात. दसरा चार ऑक्टोबरला आहे. पोरांनी पूजा केली की नाही, एवढं पाहाल का?

जयमाला


तुर्भे,
१७ सप्टेंबर १९८४

ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाचा, तुमच्या पाया पडतो.

पूजा झाली होती. दसऱ्याच्या दिवशी नंदूने मशीन धुतलं. पेटीवरची पिशवी सोडली, मी बांधलेली वायरही सोडली, कारण तुम्ही तारा सोडायला लिहिलं होतं, ते पत्र मला खोलीत मिळालं. माळ घातली. गाऱ्हाणं घातलं, असं पोपटही सांगतो. नारळ मशीनच्या डोक्यावर फोडला. ते पाणी उघड्या पेटीत गेलं. दुसऱ्या दिवशी वायर परत कुणी बांधली नाही. आल्यावर मी पेटीत वाकून पाहिलं, आत पाणी आणि खोबऱ्याचा तुकडा होता.

तुम्हाला हे कळलं तर तुम्ही जगणार नाही असं वाटलं, म्हणून मी नाही म्हणून लिहिलं. दोष तुमचा नाही. झाकण न देणाऱ्याचा आहे. झाकण असतं तर दहा नारळ फोडले असते तरी चाललं असतं. पण त्या मुलांच्या मशीनांनाही झाकणं नाहीत, ताई. मी दिघ्याला जाऊन आलो, कळंबोलीला जाऊन आलो. मुलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अक्काची शप्पत हाय, मोडनार नाय." त्यांच्या मुकादमांनाही सांगितलं, तर ते म्हणाले, देवाच्या कामात आम्ही पडत नाही.

मुलं फक्त तुमचं ऐकतील. तुम्ही एक कार्ड टाका. नारळ दगडावर फोडा, मशीनला पाणी लावू नका, तारा सोडू नका, एवढंच लिहा. दसऱ्याच्या आत पोचेल. मी उत्तराची वाट पाहतो.

श्यामसुंदर


कोंडवाडी,
२५ सप्टेंबर १९८४

श्यामसुंदर यांस,

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं.

आधी तुम्ही लिहिलंत पूजा झाली नाही. आता लिहिता झाली. यातलं एक खोटं आहे. मी पहिलं खरं धरते. नंदूला जाऊन दीड महिना झाला होता तेव्हा तुम्ही ते लिहिलं होतं, इतक्या ताज्या दुःखात माणूस खोटं लिहीत नाही. आताचं तुम्हाला कुणी सांगायला लावलंय की तुमचं तुम्हीच मनाशी रचलंय, मला ठाऊक नाही. तुम्ही शिकलेले, तुम्हाला आमचा नारळ पहिल्यापासून खुपत होता.

आणि तुमचं दुसरं खरं मानलं तर मी काय करू? शपथ मी घातली होती. तारा सोड म्हणून मी लिहिलं होतं. पाणी अंगावर पडू दे म्हणून मी लिहिलं होतं. मग नंदूला कुणी मारलं? ते मला या कागदावर लिहिता येत नाही आणि मनातही धरता येत नाही. ते धरलं तर मला त्या विहिरीशिवाय दुसरी जागा उरत नाही. उद्या सकाळी बालवाडीत पोरं येणार आहेत, त्यांची घंटा मला वाजवायचीय.

मुलांना कार्ड टाकणार नाही. त्यांचा दसरा नीट होऊ दे.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही त्याच्यासाठी सळई ठोकलीत, त्याच्यासाठी भांडलात, तुम्ही मला त्याच्याच जागी आहात. नंदू म्हणायचा, तुम्हाला बहीण नाही. तुम्हीही रोज तारांत हात घालता आणि तुमच्यासाठी कुणी काही केलेलं नाही. म्हणून नामदेवदादांचा जावई परवा तुर्भ्याला येतोय, त्याच्याबरोबर तुमच्या हत्यारांसाठी एक पाठवतेय. विहिरीकडच्याच झाडाचा आहे. कानाशी हलवून पाहिलाय, पाणी भरपूर आहे.

तुमची अक्का